ओठ मिटलेले, दात सुटे

डोकं दुखतं म्हणून दातांच्या डॉक्टरकडे कुणी येत नाही. दाढ ठणकते म्हणून येतात, कानात दडा बसलाय पण कानाच्या डॉक्टरांना काही सापडत नाही म्हणून येतात, जांभई देताना कानापाशी टक्क वाजतं म्हणून येतात. डोक्याचं मी विचारलं की उत्तर येतं, "ते तर रोजचंच आहे मॅडम, पित्ताचं आहे." आणि बोट पुन्हा दाढेकडे जातं.

लातुरात दवाखाना चालवताना डोकेदुखीचा ठरलेला रस्ता मला पाठ झाला आहे. आधी पित्त. मग चष्म्याचा नंबर. मग सायनस, मग मानेच्या मणक्यातला गॅप, आणि घरचे पुरते घाबरले की मेंदूचा स्कॅन. या प्रत्येक टप्प्यावर थोडंफार काहीतरी सापडतं. पाव नंबर निघतो, एक्स-रेवर सायनसचं अस्तर जरा जाड दिसतं, चाळिशीनंतर मणक्यात गॅप तर बहुतेकांना दाखवता येतो. औषधं होतात, महिनाभर बरं वाटतं, पुन्हा सुरू. मधल्या काळात बाम, सुंठेचा लेप, कपाळाला करकचून बांधलेली ओढणी आणि किराणा दुकानातसुद्धा मिळणारी गोळी. या सगळ्या धावपळीत दुखणाऱ्या जागेला हात लावून फार कमी जण बघतात. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण माझ्या शाखेकडे या बाबतीत मोठं यंत्र नसलं तरी दोन बोटं आहेत, आणि ती पुष्कळ काही सांगतात.

लातूर म्हटलं की बाहेरच्यांना ट्यूशन एरिया आठवतो. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची मुलं दहावी झाली की इथं खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात आणि नीटची तयारी करतात. त्यातल्याच एका रिपीटर मुलीला तिची आई घेऊन आली. (तिची आणि पुढे येणाऱ्या सगळ्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) "पोरीचं डोकं लई दुखायलंय. अक्कलदाढेमुळं दुखतंय म्हणतेत, काढून टाका," असं आईचं म्हणणं. एक्स-रेत दाढ अर्धी हाडात होती, पण शांत होती. हिरडी सुजलेली नव्हती, कीड नव्हती. ती दाढ रोज दुपारी तीन वाजता दोन्ही कानशिलं ठणकवेल हे मला पटेना.

मग तोंडातल्या इतर खुणा पाहिल्या. दोन्ही गालांच्या आतून, दात जिथं मिळतात त्या उंचीवर, पांढरी रेघ उमटलेली. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे. जबड्याच्या कोनापाशी स्नायू फुगीर आणि टणक, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर तो वेगळा दिसावा इतका. नुसत्या या खुणा काही सिद्ध करत नाहीत, पण काय विचारायचं ते त्यांनी सुचवलं. दुखणं कधी जास्त असतं? टेस्टच्या दिवशी. कमी कधी? दिवाळीला गावी गेले होते तेव्हा. जेवताना? थोडं थांबून म्हणाली, मेसची गार पोळी चावताना इथं भरून येतं. आणि हात कानशिलाकडे गेला.

मी तिच्या मागे उभी राहिले, दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवली, हळूहळू दाब दिला आणि विचारलं, "दुखतंय का?" हो. "हे दुखणं ओळखीचं आहे का? रोज दुखतं ते हेच का?" तिने डोळे मिटून घेतले. "हेच आहे, मॅम. अगदी हेच." आई पलीकडून एवढंच म्हणाली, "म्हणजे मेंदूचं काही नाही ना?"

'हे दुखणं ओळखीचं आहे का?' हा प्रश्न माझा शोध नाही. जबड्याच्या दुखण्याचं निदान कसं करायचं याचे आंतरराष्ट्रीय निकष 2014 मध्ये नव्याने प्रसिद्ध झाले, त्यांचा गाभा हाच प्रश्न आहे. दाबल्यावर दुखलं एवढ्याने भागत नाही, जोरात दाबलं तर कुणालाही दुखेल. दाबल्यावर उठलेलं आणि रोजचं दुखणं एकच आहे की नाही हे पेशंटने ओळखायचं असतं. दाब किती द्यायचा तेही ठरलेलं आहे. स्नायूवर साधारण एक किलो, सांध्यावर त्याच्या निम्मा. वजनकाट्यावर बोट दाबून दाबून मी तो हातात बसवला, आणि अजूनही मधूनमधून काटा समोर घेऊन बघते, कारण दिवसभर दाढा काढलेला हात नकळत जड होतो. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही, 2018 च्या आवृत्तीत, जबड्याच्या विकारातून येणारी डोकेदुखी स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदलेली आहे. इतकं सगळं कागदावर असूनही कॉलेजात मला हा सांधा शिकवला गेला तो शेवटच्या काही तासांत, परीक्षेला टीप म्हणून येईल एवढाच. पुढे शिकताना एका सरांनी माझा हात धरून त्यांच्याच कानशिलावर ठेवला, तेव्हा कुठे तो खरा कळला.

वाचणाऱ्यांनी आत्ताच करून पाहावं. दोन बोटं कानशिलावर ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली काहीतरी टणक होऊन वर येतं. तो टेम्पोरॅलिस. डोक्याच्या बाजूच्या हाडावर हा स्नायू पसरलेला असतो आणि गालाच्या हाडाच्या कमानीखालून जाऊन खालच्या जबड्याला धरतो. आपण जिथं हात लावून 'डोकं दुखतंय' म्हणतो, त्या जागेचा बराच भाग चावण्याच्या स्नायूचा आहे. आता बोटं कानाच्या भोकाच्या जरा पुढे आणा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. सरकतंय ते जबड्याचं टोक. हा सांधा आधी जागेवर फिरतो आणि मग पुढे घसरतो. शिवाय उजवा आणि डावा एकाच हाडाने जोडलेले, त्यामुळे एक बिघडला की दुसऱ्याला सोसावं लागतं. सांध्याच्या मध्ये लहानशी चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना जागेवर येते आणि टक्क वाजतं. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर काहीही करायचं नसतं. आवाजाला घाबरून आलेल्या कितीतरी लोकांना मी एवढंच सांगून घरी पाठवते, आणि त्यातल्या काहींना ते आवडत नाही.

पण दुखतंय जबडा आणि जाणवतंय भुवईवर, हे कसं? चेहरा, दात, चावण्याचे स्नायू, हा सांधा, इतकंच काय मेंदूवरच्या आवरणांचा मोठा भाग, यांची संवेदना एकाच नसेतून जाते. ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. तिचे धागे मेंदूच्या देठातून खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरतात, आणि मानेकडून येणारे धागेही तिथंच येऊन मिळतात. पेशंटला मी गंजगोलाई चौकाचं उदाहरण देते. गोलाईला सोळा रस्ते मिळतात. मधोमध उभ्या माणसाला हॉर्न स्पष्ट ऐकू येतो, पण तो नेमका कुठल्या रस्त्यावरून आला हे त्याला सांगता येत नाही. लातूरच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. स्नायू दुखतो आणि दाढ दुखल्यासारखी वाटते, ती याच कारणाने. जॅनेट ट्रॅव्हल आणि डेव्हिड सिमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी 1983 मध्ये स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात कुठला स्नायू कुठे दुखणं पाठवतो याचे नकाशे आहेत. टेम्पोरॅलिस भुवईवर, कानशिलावर आणि वरच्या दातांत पाठवतो. गालाचा मॅसेटर दाढांत, कानात आणि भुवईवरही. हे नकाशे माहीत नसले की चांगल्या दाताचं रूट कॅनल होतं. ते करूनही दुखणं थांबत नाही तेव्हा शेजारच्या दाताची पाळी येते.

आणि ही वाहतूक एका दिशेची नसते. अर्धशिशी म्हणजे मायग्रेनही याच नसेच्या वाटेने येतं. त्यामुळे मायग्रेनच्या झटक्यात जबड्याचे स्नायू हुळहुळे होतात, आणि जबडा सतत दुखत राहिला तर मायग्रेनचे झटके वाढू शकतात. दोन्ही एकत्र असलेले पेशंट मला पुष्कळ भेटतात. त्यांना 'तुमचं मायग्रेन म्हणजे खरं तर जबडा आहे' असं सांगणारा दंतवैद्य त्यांचं नुकसान करतो. चालू असलेलं औषध सुटतं आणि झटका दुप्पट जोराने येतो.

त्या मुलीची दाढ मी काढली नाही. तिला आणि तिच्या आईला समोर बसवून विचारलं, "आत्ता तुझे दात कुठे आहेत?" ते एकमेकांवर घट्ट होते. गप्प बसलेल्या माणसाचे दात एकमेकांना टेकलेले असू नयेत, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. खालच्या आणि वरच्या दातांत दोन ते चार मिलिमीटरची फट असते आणि ती असायलाच हवी. चावताना आणि गिळताना दात क्षणभर भेटतात, बाकी वेळ स्नायूला विश्रांती. ही मुलगी फिजिक्सचं गणित सुरू झालं की दात आवळायची आणि उठेपर्यंत आवळलेले ठेवायची. दहा-बारा तास. कुठल्याही स्नायूला एवढं काम दिलं तर तो दुखणारच.

ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली, एवढंच तिला शिकवलं. टेबलावर, फोनच्या मागे, पाण्याच्या बाटलीवर रंगीत टिकल्या लावायला सांगितल्या. टिकली दिसली की दात कुठे आहेत ते बघायचं. रात्री कोमट कपड्याने दोन्ही गाल आणि कानशिलं शेकायची. जीभ टाळूला टेकवून तोंड हळू उघडायचं, आरशात बघत, सरळ. काही आठवडे पोळी वरणात कुस्करून, च्युइंगम बंद, पेनाचं टोपण चावणं बंद, उशीवर हनुवटी टेकवून पालथं झोपून वाचणं बंद. मग तिच्या सॅकमधल्या गोळ्या बाहेर काढायला लावल्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालली की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. ती त्या रेषेच्या बरीच पुढे गेली होती. गोळ्या कमी कशा करायच्या हे मी ठरवलं नाही, त्यासाठी तिला फिजिशियनकडे पाठवलं. पहिले पंधरा दिवस तिला जास्तच दुखलं, पण तसं होईल हेही आधी सांगून ठेवलं होतं. हे सांगितलं नाही तर पेशंट तिथंच सोडून देतो. पावसाळा संपेपर्यंत रोजचं दुखणं आठवड्यातून एकदोनदा इतकं खाली आलं. परीक्षा जवळ आली तसं पुन्हा वाढलं, पण आता तिला काय करायचं ते माहीत होतं. अक्कलदाढ अजून तिच्या तोंडात आहे.

असे पेशंट बरे होताना पाहिले की मला जुन्या काळातल्या पेशंटबद्दल हळहळ वाटते. 1934 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी एक शोधनिबंध लिहिला. मागच्या दाढा पडलेल्या काही पेशंटमध्ये कान दुखणं, कान बंद वाटणं, चक्कर, डोकेदुखी अशा तक्रारी त्यांना एकत्र दिसल्या. दाढा नसल्याने जबडा जास्त वर मिटतो, सांध्याचं टोक मागे जाऊन नसा दाबतं, असं त्यांनी मांडलं. कानाच्या डॉक्टरने जबड्याकडे बघावं ही त्यांची नजर मोठी होती, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांनी सांगितलेलं कारण टिकलं नाही. हॅरी सिकर यांच्यासारख्या शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की टोक तसं नसा दाबूच शकत नाही. तोवर कल्पना दंतवैद्यांच्या हातात पडली होती. दुखणं चावा बिघडल्यामुळे असेल तर चावा दुरुस्त करायचा, आणि चावा दुरुस्त करण्याची हत्यारं तर आमच्याच ट्रेमध्ये. मग दात घासून उंची कमी करणं, कॅप बसवून उंची वाढवणं, निरोगी दात काढून तारा लावणं असं कित्येक दशकं चाललं. अमेरिकेत 1980 च्या दशकात तर चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचं रोपण घालण्याची लाट आली. चावण्याच्या दाबाने त्याचा भुगा झाला, शरीराने त्यावर हल्ला चढवला, आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं आणि 1990 च्या सुमारास ती रोपणं बाजारातून काढून घ्यावी लागली. ज्यांना ती बसवली त्यातल्या कितीतरी बायकांची उरलेली आयुष्यं एकामागून एका शस्त्रक्रियेत गेली.

हे फक्त अमेरिकेतलं किंवा जुनं आहे असंही नाही. माझ्याकडे एक बँकेत काम करणारे गृहस्थ आले. डोकेदुखीसाठी दुसऱ्या एका गावात त्यांचे दात 'लेव्हल' करून झाले होते. दर खेपेला थोडं थोडं घासून. ते ज्या दातावर बोट ठेवत तो दात पुढच्या खेपेला खाली जाई. एनॅमल गेलेलं, गार पाण्याची गुळणी करता येत नाही, आणि डोकं तसंच. शिवाय आता दिवसभर जीभ दात चाचपडत राहायची, कुठे नीट मिळतंय आणि कुठे नाही ते बघत. घासलेला दात परत वाढत नाही. म्हणून मी ठरवून ठेवलं आहे की या दुखण्यात परत फिरवता येणार नाही असं पहिल्या टप्प्यात काहीही करायचं नाही. 2023 अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनाही त्याच बाजूच्या आहेत. व्यायाम, हाताने केलेले उपचार, आणि दुखण्याबद्दलचे विचार व सवयी बदलणारं समुपदेशन यांना त्यांनी पुढे ठेवलं, आणि चकती काढण्याची शस्त्रक्रिया, दातांची जागा कायमची बदलणाऱ्या पट्ट्या यांना ठाम नकार दिला.

रात्री घालायच्या साध्या नाईट गार्डबद्दल लोक फार विचारतात. ऑनलाइन मागवून गरम पाण्यात मऊ करून चावायचा मऊ ट्रेही घेऊन येतात. झोपेत दात खाणाऱ्या माणसाचे दात झिजत असतील तर मी माप घेऊन कडक गार्ड देते, दात वाचवण्यासाठी. डोकेदुखी त्याने जाईलच असं मी कुणालाही सांगत नाही. त्या सूचनांमध्येही दुखण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवायला कौल मिळालेला नाही. काहींना बरं वाटतं, काहीजण मऊ ट्रे रात्रभर आणखीच चावत बसतात. बाकी, दात खाणं म्हणजे पोटात जंत, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे. जंताचं औषध घेऊनच पेशंट येतो.

औशाकडच्या एका बाई अशाच जंताच्या दोन बाटल्या संपवून आल्या होत्या. पहाटे उठल्या की जबडा जड, कानशिलं ठणकणारी, भाकरीचा तुकडा मोडायला पाच मिनिटं. मुलगा सांगायचा, आई रात्री दात खाते. नवरा दोन वर्षांमागे गेला. कसा गेला हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मराठवाड्यात डॉक्टर असलं की काही गोष्टी न विचारताही कळतात. आधी त्यांना एके ठिकाणी सांगण्यात आलं होतं, "बाई, टेन्शन आहे, दुसरं काही नाही." ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. "मी काय नाटक करायलाव का?" असं त्यांनी मला विचारलं.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. ताण आणि जबडा यांचं नातं खरं आहे. अमेरिकेत 2006 पासून हजारो निरोगी माणसांचा पाठपुरावा करून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पुढे ज्यांना जबड्याचं दुखणं लागलं, त्यांची झोप आधीपासून बिघडलेली होती, अंगात इतर ठिकाणी दुखणी होती, एकूण तब्येत खालावलेली होती. म्हणजे जबडा एकटा आजारी पडत नाही. पण 'टेन्शन आहे' एवढं म्हणून पेशंटला दारापर्यंत सोडणं हा उपचार होत नाही. त्या बाईंचं दुखणं मी हाताने दाबून त्यांना दाखवलं. इथं आहे, खरं आहे, या स्नायूत आहे. मग म्हटलं, झोप लागत नाही तोवर हा स्नायू सुटणार नाही, म्हणून झोपेसाठीही कुणाला तरी दाखवू या. ते त्यांनी लगेच मानलं. आधी दुखण्यावर विश्वास ठेवला तर माणूस मनाच्या डॉक्टरकडे जायलाही तयार होतो. औसा रोडवरच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांच्या मान-खांद्यांवर काम केलं. बाई दर महिन्याला येताना पिशवीभर शेंगा, कधी ओल्या हरभऱ्याचे ढाळे घेऊन यायच्या. ढाळे सोलून खाऊ नका अजून, मी म्हणायचे, आणि त्या येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, मुद्दाम फोन करून सांगायच्या की नुसती भज्जी आणि आंबील घेतली, चावायचं काही खाल्लं नाही.

जबड्याची प्रत्येक तक्रार सांध्याची किंवा स्नायूची नसते. तोंड कमी उघडतं म्हणून येणाऱ्या तरुण मुलांमध्ये मी सांध्याआधी गाल तपासते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारीने गाल आतून पांढरे, ताठ झालेलं तोंड मी दर आठवड्याला बघते. तिथं सांध्याच्या व्यायामाचा उपयोग मर्यादित असतो आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर कुणीही थांबू नये.

आणि एक दुखणं असं, की जबड्याच्या नावाखाली ते सुटलं तर डोळे जातात. निलंग्याकडचे सत्तरी ओलांडलेले एक काका नवी कवळी टोचते म्हणून आले. कवळी ठीक होती. भाकरीचे चार घास चावले की जबडा दमतो, दुखतो, थांबलं की थांबतं, पुन्हा चावलं की पुन्हा, असं ते सांगत होते. गेल्या काही आठवड्यांपासून डोकंही दुखत होतं, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं. टोपी घातली तरी कानशिल दुखायचं. बोट ठेवलं तर स्नायू मऊ होता, पण त्याच्यावरून जाणारी धमनी जाड आणि कडक लागत होती आणि स्पर्शाला प्रचंड दुखत होती. सांध्याचं दुखणं चावल्यावर येतं, पण ते असं घड्याळ लावल्यागत थांबून पुन्हा सुरू होत नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी आणि चावताना दमणारा जबडा एकत्र आले की धमनीच्या दाहाची शंका घ्यायची. आपल्याकडे तो आजार कमी दिसतो, म्हणूनच निसटतो. त्यात डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून नजर कायमची जाऊ शकते. मी हातमोजे काढले आणि फिजिशियनना फोन केला. त्याच दिवशी रक्त तपासणीला गेलं, ईएसआर खूप वाढलेला आला, धमनीचा तुकडा तपासायला जाण्याआधीच त्यांनी स्टिरॉइड सुरू केलं. काकांची नजर शाबूत राहिली. कवळीला मी हातही लावला नाही.

श्रमाबरोबर जबड्यात दुखणं आणि घाम फुटणं हे हृदयाचंही असू शकतं, अचानक विजेचा झटका बसल्यासारखी कळ हे नसेच्या वेगळ्या आजाराचं लक्षण. हे सगळं माझ्या टेबलावर जबडा म्हणूनच येतं. म्हणून माझ्या केसपेपरवर आता दातांच्या तक्त्याच्या वर काही ओळी छापून घेतल्या आहेत. डोकं महिन्यातून किती दिवस दुखतं, गोळी किती दिवस घेता, चावल्याने वाढतं का, झोप कशी आहे, पन्नाशीनंतर सुरू झालं का.

गावातल्या एका न्यूरॉलॉजिस्टशी या काही वर्षांत चिठ्ठ्यांची देवाणघेवाण सुरू झाली आहे. ते मायग्रेनचे पेशंट माझ्याकडे पाठवतात, मी माझे त्यांच्याकडे. परवा आलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती. मायग्रेन नक्की आहे, जबड्याचा वाटा किती ते पाहा. पेशंट एक शिक्षिका, तिने आधीच कुठेतरी वाचून नाईट गार्डचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. मी कानशिलं दाबली, गाल दाबले, सांधा तपासला, तोंड उघडायला लावलं, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारला. मग चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. दाबल्यावर ओळखीचं दुखणं उठत नाही. तोंड पूर्ण उघडतं, दुखत नाही. सांधा उजवीकडे वाजतो, त्याला काही करायचं नाही. डोकेदुखीत जबड्याचा वाटा दिसत नाही, गार्डची गरज नाही. औषधं तुमचीच चालू राहू द्या.